पडण्यावरून लावलेले डाव

ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या वहिनींना रिकामं बसवेना. धाकटे दीर कुस्तीचे वस्ताद होते. चाळीस वर्षं शिकवत होते, पण एक डाव कागदावर असेल तर शपथ. वहिनींनी कोरी कार्डं आणि बुटाचं रिकामं खोकं घेऊन तालीम गाठली.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. वस्ताद एकाच डावाला सकाळी एक नाव देत, चहानंतर दुसरं.

"भावजी, हा सकाळचाच ना?"

"छे! सकाळी मी घाईत होतो. हा वेगळा."

डाव दाखवायला समोर कोणीतरी हवं, म्हणून वहिनींनी नवऱ्यालाच उभं केलं. आठवड्याभरात तो सज्जन माणूस त्रेसष्ट वेळा आपटला. कार्डांचा मात्र नुसता गुंता झाला. शेवटी तोच मातीतून म्हणाला, "अगं, हा पाठीवर पाडणारा. परवाचा कुशीवर पाडत होता."

वहिनींचे डोळे चमकले. संध्याकाळपर्यंत खोक्यात चार कप्पे झाले: पाठीवर, कुशीवर, तोंडघशी आणि 'चष्मा शोधावा लागतो'.

वस्ताद भडकले. "पाडतो मी, आणि डाव लावायचे दादाच्या पडण्यावरून?"

"पाडणाऱ्याला काय कळतंय, भावजी? लागतं ते पडणाऱ्याला."

आता नवे शिकाऊ पैलवान शंका घेऊन थेट दादांकडे जातात. दादा विचार करतात, चष्मा काढून खिशात ठेवतात आणि उत्तर देण्याआधी स्वतःच आडवे होतात.