घाटाची सेटिंग

माझ्या भावोजींनी आंबेनळी घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकली नव्हती. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं सगळं वाचायला प्रत्येक जण थांबेलच असं नाही.

पोलादपूरच्या फाट्यावर, जिथून महाबळेश्वरचा रस्ता वर जातो, तिथं माझं गॅरेज होतं. घाट चढण्याआधी लोक माझ्याकडे थांबायचे. तक्रार एकच, वळणावर रेस सोडली की गाडी बंद पडते. त्या काळात कार्बुरेटरच्याच काही गाड्या थोडी वायरिंग आणि एक छोटा कॉम्प्युटरचा डबा लावून येत होत्या. कार्बुरेटरच्या कडेला एक सेन्सर असायचा. चालकाने रेस किती दाबली आहे, हे तो डब्याला कळवायचा. पाय पूर्ण सुटला असं कळलं की डबा पेट्रोल तोडायचा. त्यामुळे उतारावर इंजिन गाडीला मागून धरून ठेवायचं. पण कार्बुरेटर जुना झाला की तेच तोडलेलं पेट्रोल वळणावर वेळेत परत येत नसे आणि गाडी बंद पडायची.

यावर आम्ही फाट्यावरच्या मिस्त्रींनी एक उपाय काढला होता. सेन्सरचे दोन स्क्रू ढिले करायचे, तो जरासा फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. मग पाय सुटला तरी डब्याला वाटायचं, पाय अजून रेसवरच आहे. पेट्रोल तुटत नसे, गाडी बंद पडत नसे. वर स्लोही, म्हणजे रेस न दाबता इंजिन फिरतं तो वेगही, थोडा चढवायचा. याला आम्ही घाटाची सेटिंग म्हणायचो. गिऱ्हाईक खूश होऊन वर जायचं. उतरताना गाडी कशी वागेल याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. चढताना बंद पडलेली गाडी परत आमच्याच दारात येते, उतरताना त्रास देणारी येत नाही, म्हणून असेल.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईची नोकरी सोडून गावी आले आणि अशीच एक जुनी गाडी घेऊन वाडीतल्या लोकांची भाडी करू लागले. तिलाही मी घाटाची सेटिंग करून दिली. थोड्याच दिवसांनी वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईला महाबळेश्वरहून, लेकीकडून आणताना, उतारावर ब्रेक तापून लागेनासे झाले. भावोजींनी गाडी डोंगराच्या अंगाला घातली. जीव वाचले, पण त्या बाईचा पाय कायमचा आखूड झाला.

गावकी बसली. भावोजी एकच सांगत होते, “गाडी ढकलत होती. पाय काढला तरी ढकलत होती.” पेट्रोल वाचवायला घाटात न्यूट्रल टाकणारे चालक सगळ्यांनी पाहिलेले होते. मला बोलावलं. मिस्त्री मी आणि गाडी माझ्याच गॅरेजात ओढून आणलेली. मला सगळं कळलं होतं: माझ्या सेटिंगमुळे उतारावर इंजिन गाडीला धरत नव्हतं, सगळा भार ब्रेकवर आला होता. मी म्हणालो, “गाडीत दोष नाय. न्यूट्रल टाकली असणार.”

सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध बोलतोय म्हणजे खरंच असणार, असं लोकांनी धरलं. त्यानंतर भावोजींच्या गाडीत वाडीतलं कुणी बसलं नाही. ते पुन्हा मुंबईला गेले, एका इमारतीत वॉचमन झाले. बहीण त्यांच्याबरोबर गेली. शिमग्याला सगळी मुंबई वाडीत उतरायची. ही दोघं येत नसत.

गाडी माझ्याच शेडमध्ये राहिली. पत्रे बदलले, ब्रेक नवे बसवले. पावसाळा सरला की चालू करून बघायचो. सेन्सरला मात्र हात लावत नसे. गॅरेज बंद झालं, मी शेतघराशेजारी नवी शेड घातली आणि गाडी तिथं आणून ठेवली. ती विकता येईना, मोडीत देता येईना. सकाळी दार उघडलं की समोर तीच.

बहीण मुंबईतच वारली. या माघात भावोजी कायमचे गावी आले. एकदा सकाळी माझ्याकडे आले आणि शेडच्या दारात उभे राहिले.

“अजून हाय होय ही?”

“आहे. चालू होते.”

“मंग कर की. का माझ्यासारखीच नुसती धापा टाकते?”

मी बॉनेट उघडलं. ते वाकून बघत राहिले, मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, “तुझं बरोबर होतं रे. मीच टाकली होती न्यूट्रल. बायकोला पण शेवटी तेच सांगितलं. माझा हात आठवतोय ना मला, गियरवरचा.”

मी धरलेला बॉनेटचा टेकू हातातून सुटला, बॉनेट खाली आलं. भावोजींनीच ते झेललं. “आता माझं डोकं फोडतोस काय?”

मी त्यांना स्टुलावर बसवलं. चावी फिरवली, सेन्सरच्या वायरला मीटर लावला. रेस हळूहळू दाबली. काटा एकसारखा वर गेला, कुठे अडखळला नाही, म्हणजे सेन्सर चांगला होता. रेस पूर्ण सोडली. “आता काटा अर्ध्या व्होल्टवर यायला हवा. बघा कुठे थांबलाय.” तो जवळजवळ एकवर थांबला होता. मी त्यांना स्क्रू दाखवले. सेटिंग केल्यावर स्क्रू हलू नयेत म्हणून मी त्यांवर बायकोचं नेलपॉलिश लावायचो, ते तसंच होतं. लाल, कुठे तडा नाही.

“हे मी फिरवलं होतं. ब्रेक तापायचं कारण हे. तुम्ही न्यूट्रल टाकली नव्हती.”

“पन हात आठवतोय ना.”

“गियर खाली टाकायला गेला असेल हात.”

ते काटा बघत राहिले. मग म्हणाले, “तिला मी खोटंच सांगितलं म्हणजे. तिनं माझ्याकडून शपथ घेतली होती, परत गाडीला हात लावायचा नाय म्हणून.”

एवढं बोलून ते उठले आणि गेले. चहाही घेतला नाही.

शिमग्यात मुंबईकर आले आणि देवळात बैठक बसली. जे गावकीत बोललो ते गावकीतच मागे घ्यायला हवं म्हणून मी उभा राहिलो. सेन्सर, डबा, पेट्रोल, जमेल तसं सांगितलं. त्या आखूड पायाच्या बाईचा मुलगा आता गावकीचा अध्यक्ष आहे. त्याने ऐकून घेतलं.

“आबा, आये गेली माझी. राग नाय कुणावर. तुमचे भावोजी आले, बरं झालं. त्यांना माणसात घ्यायला एवढं कशाला रचताय?”

मागून एक मुंबईकर म्हणाला, “तेव्हा भावोजी नकोसे झाले होते, आता भावोजी शेजारी राहायला आलेत.” लोक हसले. मी म्हणालो, शेडवर चला, मीटर लावून दाखवतो.

“मीटर तुमचा, गाडी तुमच्या शेडात, स्क्रू फिरवणारे तुम्ही,” अध्यक्ष म्हणाला. “आम्हाला त्यातलं काय कळणार आबा? बसा आता. पाण्याच्या टाकीचं घेऊ.”

मी बसलो. खोटं बोललो तेव्हा ते स्वतःच्या माणसाविरुद्ध होतं, म्हणून एका वाक्यात खरं ठरलं होतं. आताचं खरं माझ्या माणसाच्या बाजूचं आहे, म्हणून खोटं ठरतंय. यातून बाहेर कसं पडायचं, मला कळत नाही. भावोजी बैठकीला आलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते शेडवर आले. बैठकीतलं त्यांच्या कानावर गेलं होतं.

“नीट कर ती,” ते म्हणाले.

“नीट केली तर दाखवायला काही राहणार नाही. ते नेलपॉलिश, तो काटा, एवढाच पुरावा आहे.”

“कुणाला दाखवतोस? कुणी आलं का बघायला?”

“कुणीतरी येईल.”

“मी आलोय ना. कर नीट.”

मी स्क्रूड्रायव्हर लावला. नेलपॉलिशचे टवके उडाले. सेन्सर फिरवत काटा अर्ध्या व्होल्टवर आणला, स्क्रू आवळले, स्लो उतरवला. भावोजी चालकाच्या जागी बसले. शपथेबद्दल मी विचारलं नाही. मी शेजारी बसलो. वाडीतून पऱ्याकडे, खालच्या ओढ्याकडे, उतरणारा आमचा रस्ता लांब नाही, पण उतार चांगला आहे. त्यांनी दुसरा गियर टाकला आणि रेसवरून पाय काढला. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी मागून कुणी धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. ब्रेकला त्यांनी पाय लावलाच नाही.

“अशी धरते होय,” ते म्हणाले.

खाली पऱ्याजवळ त्यांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. “तू ने वर,” असं म्हणून उतरले आणि चढावाने चालत घरी गेले. मी शेजारच्या सीटवरून चालकाच्या जागी सरकलो आणि गाडी वर नेली. त्याच संध्याकाळी हे लिहायला घेतलं.