महिपतीचं कारीट

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात विठा धागे कापते. शिवून आलेल्या पॅन्टींचे लोंबते धागे कात्रीने उडवायचे, दिवसभर. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा सिंधी शेठाणी म्हणाली, "विठाबाई, अब पांचम तक आराम करो." विठा नुसती हसली. आराम कशाशी खातात हे ती शिमग्यापासून विसरली होती.

शिमग्यालाच तिचा नवरा महिपती, एमआयडीसीतला फिटर, कामावर कोसळला. डावं अंग गेलं. हात पुढे थोडाफार वळायला लागला, पाय मात्र लाकडासारखा. चिमटा काढा, गरम पाण्यात बुडवा, त्याला पत्ता नाही. "पायाला जाणीव आली, की चालण्याचं बघू," असं डॉक्टर म्हणाले, आणि तेव्हापासून विठा देव पाण्यात घालून बसली. पहाटे त्याचं सगळं उरकून बुवापाड्यातल्या घरून कामावर पळायची, रात्री त्या पायाला तेल चोळायची आणि विचारायची, "काही कळतंय?" तो म्हणायचा, "तुझेच हात दुखतील. झोप आता." दसऱ्यापासून तिने विचारणंच सोडलं होतं. एक बरं, महिपतीच्या तोंडाचा पट्टा शाबूत होता. तो चालू असला की घरात माणूस आहे असं वाटायचं.

दिवाळीसाठी लेकीने, माधवीने, कुळगावच्या कुंपणावरची कारिटं पाठवली होती. कारीट म्हणजे लिंबाएवढं कडूजहर फळ. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की घरच्या पुरुषाने तुळशीपुढे 'गोविंदा' म्हणत ते डाव्या अंगठ्याखाली फोडायचं, म्हणजे नरकासुर मेला. महिपतीच्या कोकणातल्या घरी हे कधी चुकलं नव्हतं.

आंघोळ घालून विठाने त्याला दारात खुर्चीवर बसवलं. "उजव्या पायाने फोडा. देव काय बघायला बसलाय?"

"नरकासुराला उजवा पाय लावून मान देऊ काय?" महिपती म्हणाला. "डावाच दे."

तिने डावा पाय उचलून कारिटावर ठेवला. महिपतीने दात-ओठ खाल्ले. कारीट घरंगळत मोरीकडे गेलं. तिने ते आणून पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम आला.

"राहू दे विठे," तो म्हणाला. "आता नाय व्हायचं माझ्याच्यानं."

एवढ्या महिन्यांत हे वाक्य त्याच्या तोंडून आलं नव्हतं. चुकून नवऱ्याला पाय लागला तरी लगेच पाया पडणारी ही बाई. पण सणाच्या दिवशी, तुळशीदेखत, तिने साडी वर खोचली, त्याच्या पायावर स्वतःचा पाय ठेवला आणि सगळा भार टाकला. कारीट फच्चदिशी फुटलं.

"गोविंदा," ती हळूच म्हणाली.

"आई गं," महिपती कळवळला. "बेतानं की. अंगठा चेचलास ना."

विठाने पाय काढला आणि जागच्या जागी थिजली. मग खाली बसून तिने तोच अंगठा चिमटीत धरून दाबला.

"दुखतंय म्हणतो ना, विठे."

"दुखू दे," विठा म्हणाली आणि रडायलाच लागली. "दुखू दे हो, चांगलं दुखू दे." काय दुखतंय ते महिपतीला तेव्हा उमगलं.

पाय लावल्याची क्षमा मागायला ती वाकली, त्याच्या पावलांना हात लावला, आणि डावीकडच्या मांडीवर डोकं टेकलं ते उचललंच नाही. रडता रडता तिला झोप लागली होती. चांगलं उजाडलं. शेजारची जनाबाई फराळाचं ताट घेऊन आली आणि हाक मारणार, तोच महिपतीने ओठांवर बोट ठेवलं.

डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, अगदी टाचेपर्यंत. तो पाय त्याला हलवता येत नव्हता हे खरं. पण आला असता, तरी त्याने हलवला नसता.