निरोप घेऊन राहिलेले एकनाथराव

हैदराबादेत मराठी नाटक करणाऱ्यांपेक्षा नाटकाविषयी बोलणारे जास्त होते आणि ते सगळे आमच्या रंगसेवक मंडळात होते. दर रविवारी दुपारी सुलतान बाजारात, आबासाहेब वकिलांच्या दिवाणखान्यात तालीम भरायची. तालीम म्हणजे थोडे संवाद आणि उरलेला वेळ पुण्याकडच्या नाटकांवर टीका. ती नाटकं आमच्यापैकी कुणी पाहिलेली नसत, त्यामुळे टीका फार मोकळेपणानं होई. मग इराण्याकडे चहा, मग तलावाकाठच्या टँकबंडावर फेरी आणि फेरीत त्या दिवशी न आलेल्याच्या अभिनयाची चिरफाड. अंगात ताप असला तरी माणूस रविवार चुकवत नसे.

मी शाळेत शिकवायची आणि मंडळात आईच्या भूमिका करायची. नायक कायम आबासाहेब. त्यांना पन्नाशी लागली होती आणि मला तिशीही नव्हती, तरी मी त्यांची आई. टोप घालून, पोट आत ओढून ते पंचविशीचा तरुण व्हायचे आणि नायिकेला मनातलं सांगताना तोंड प्रेक्षकांकडे करून कोर्टातल्यासारखे हात उडवायचे. दिवाणखाना त्यांचा, पडदे त्यांचे, तेव्हा अभिनयही थोरच म्हणावा लागे.

तो अभिनय खरोखर थोर आहे असं मानणारा एकच माणूस होता, एकनाथराव. परभणीकडच्या शेतकरी घरातला शिकून शहरात नोकरीला लागलेला पहिला मुलगा, महसुलाच्या दफ्तरात कारकून. अंबरपेठेत आमच्याच गल्लीत राहायचे. माणूस सज्जन, कुणाच्या अडीअडचणीला धावणारा आणि नाटकात शुद्ध दगड. मंडळानं त्यांना दूत, शिपाई, द्वारपाल यांच्यापुढे कधी जाऊ दिलं नाही. ‘महाराज, शत्रू वेशीपाशी आला!’ हे वाक्य ते असं म्हणत, की शत्रू येऊन, जेवून, विडा खाऊन परत गेला असावा. आबासाहेबांसारखे हात मात्र हुबेहूब उडवत.

छप्पन साल उजाडलं. राज्याची वाटणी व्हायची ठरली आणि मराठी नोकरदारांना एकेक करून मुंबई राज्याकडे पाठवण्याचे हुकूम निघू लागले. दुसरीकडे लोकांची झोप उडाली होती. आमच्या मंडळाला मात्र नवा उद्योग मिळाला, निरोप समारंभ. माणूस इथं असताना त्याला जे जे दिलं नाही, ते ते सगळं तो जाताना भाषणात देऊन टाकायचं, हा आमचा रिवाज. ज्याच्या तबल्यानं आयुष्यभर गाणाऱ्यांना रडवलं, तो निरोपाच्या दिवशी तालाचा बादशहा झाला. खोटं आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक, ऐकणाऱ्याला ठाऊक. तरी दोघं डोळे पुसायचे, दुसऱ्या दिवशी गाडी सुटायची आणि कुणाचं काही बिघडत नसे.

एकनाथरावांना औरंगाबादचा हुकूम आला, तोही बढतीवर. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, आभाळ ठेंगणं झालं. औरंगाबादेत त्यांच्या भावानं शेजारच्याच दोन खोल्या पाहून ठेवल्या. पाटा-वरवंटा तर त्यांनी कुणा पाव्हण्याबरोबर पुढे पाठवूनसुद्धा दिला.

समारंभात आबासाहेब उठले. “आता सांगायला हरकत नाही,” त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला, “माझ्या नव्या नाटकातला नायक मी एकनाथरावांना डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिला. ते निघाले! आता ती भूमिका या म्हाताऱ्याला करावी लागणार.” टाळ्यांनी तावदानं हलली. मीही वाजवल्या. एकनाथराव लहान पोरासारखे रडले आणि घरी जाताना वाटेत स्वतःशीच हात उडवत चालले.

तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. त्यांच्या दफ्तरात बाळकृष्ण म्हणून एक कारकून होता. त्याला औरंगाबाद हवं होतं आणि त्याच्या वाट्याला हैदराबाद आलं होतं. दोघांनी मिळून अदलाबदलीचा अर्ज केला आणि साहेबांनी तो मंजूर केला. पुढच्या रविवारी दिवाणखान्यात तालीम सुरू होतेय, तोच दारात एकनाथराव!

“आबासाहेब, तबादला रद्द करून घेतला बघा. म्हटलं, तुम्ही एवढं माझ्यासाठी लिहिलंय, तर मी कसा जाऊ?”

पेटी वाजवणाऱ्या प्रतापरावांचा हात पेटीवरच राहिला. आबासाहेब म्हणाले, “वा!” हरलेला अशील घरी आला की ते असंच म्हणत.

त्यानंतर आबासाहेबांनी जेवढी अक्कल एकनाथरावांना टाळण्यात घातली, तेवढी नाटकात घातली असती तर मंडळाचं भलं झालं असतं. आधी तिसरा अंक अपुरा होता. मग नायकाचा स्वभाव बदलत होता. मग नायक पहिल्याच अंकात मरणार असं ठरलं आणि “तोवर तुम्ही दूताचं बघून ठेवा,” असंही सुचवून झालं. एकनाथराव प्रत्येक वेळी मान डोलवायचे. “लिहिणाऱ्याची परेशानी आपल्याला काय कळणार, कुसुमताई?” असं मलाच समजावायचे. घरी गच्चीवर त्यांचा सराव चालायचा. एकदा शेजारच्या सत्यवतीअम्मांनी शांताबाईंना बाजूला घेऊन विचारलं, “साहेबांना डॉक्टरला दाखवलं का?” आणि ते सरावासाठी लवकर घरी गेले, की टँकबंडावर आम्ही त्यांच्या वेडेपणाला मनसोक्त हसायचो. नोकरीतली बढती कुणी अशी घालवतं का, वगैरे. ती त्यांनी कुणाच्या शब्दावर घालवली, हा विषय निघत नसे.

शांताबाई सगळं बघत होत्या. एका रविवारी त्या नवऱ्याबरोबर तालमीला आल्या आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“आबासाहेब, भूमिका ह्यांच्यासाठी लिहिली म्हणलात का नाही?”

“म्हणालो वहिनी, पण निरोपाच्या वेळी माणूस जरा...”

“ते मला कळतंय. ह्यांना कळलं नाही. ह्यांना नाटक येत नाही, हे मला लग्न झालं त्या वर्षीच कळलं. तुम्हा सगळ्यांनाबी ठाऊक होतं. एकानं तरी तोंडावर सांगायचं होतं! तेवढं धाडस कुणाला झालं नाही. खोटं कौतुक करायला मात्र सगळे पुढं. भावाशेजारचं घर गेलं, बढती गेली, माझा पाटासुद्धा तिकडंच ऱ्हायला. आता ती भूमिका द्या.”

एकनाथराव कोपऱ्यात उभे होते. भूमिका मिळावी म्हणून बायको भांडतेय याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर येता येता ‘येत नाही’ या शब्दांपाशी थांबला होता. मला आमच्या सगळ्यांची लाज वाटली. शांताबाईंचा रागही आला, कारण त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

जज्जापुढे तासन्‌तास बोलणाऱ्या आबासाहेबांनी नाटकाची वही मिटली. जमिनीकडे बघत म्हणाले, “ठीक आहे. नायक एकनाथराव.”

त्या दिवशी चहा नाही की फेरी नाही. आम्ही तिघं अंबरपेठेच्या वाटेला लागलो. काचीगुड्याला रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी सावकाश चालली होती. डबे मोजत असल्यासारखं दाखवत एकनाथरावांनी विचारलं, “मला खरंच येत नाही?”

“नाही,” शांताबाई म्हणाल्या.

“लईच वाईट करतो?”

शांताबाईंनी जरा विचार केला. त्या बाईला खोटं बोलता येत नसे.

“लई नाही. आबासाहेबांइतकंच.”

फाटक उघडलं. सायकली, रिक्षा, माणसं सगळी एकदम पुढे घुसली. एकनाथराव मात्र गर्दीच्या मधोमध उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते.

“ऐकलंत ना, कुसुमताई? आबासाहेबांइतकं!”