साहेब बाजारात गेलेत

आमच्या साहेबांइतका कामचुकार साहेब अख्ख्या परळमध्ये सापडणार नाही, आणि त्यांच्या हाताखाली झालं तसं काम पुन्हा आमच्या हातून होणार नाही. जुन्या गिरणीच्या आवारात आमचं छोटंसं ऑफिस. मसाले, पापड, लोणची यांच्या खोक्यांवरची चित्रं आम्ही पाचजण करायचो. नवं काम आलं की साहेब ते नीट समजावून सांगायचे, पिशवी उचलायचे आणि थेट भायखळ्याच्या भाजीबाजारात. कारण विचारलं तर म्हणायचे, "मी समोर बसलो की तुम्ही कागद सोडून माझ्या तोंडाकडे बघता." काम सोपं असलं तर तासाभरात कोथिंबीर घेऊन परत. अवघड असलं तर सुरण, लाल भोपळा, असं निवडायला वेळ लागणारं काहीतरी. भोईवाड्याला साहेबांच्या घरी काकू वैतागायच्या. एकदा तर ऑफिसात फोन करून त्यांनी मलाच झापलं, की जरा भराभर डोकी चालवा रे, या आठवड्यातला तिसरा भोपळा आहे हा.

मालवणी मसाल्याचं खोकं करायचं होतं तेव्हा आम्ही चौघांनी इमानेइतबारे लाल मिरच्या काढल्या. आमच्यातली नूतन एरवी तोंडातून शब्द न काढणारी. तिने काढलं चाटूनपुसून साफ केलेलं रिकामं ताट. साहेब घामाघूम होऊन परतले आणि चित्राकडे बघतच राहिले. "यात मसाला कुठाय?"

नूतन म्हणाली, "पोटात."

साहेब इतके खूश झाले, की हातातला अख्खा सुरण त्यांनी तिलाच देऊन टाकला.

मग मालकांचे चिरंजीव कारभार बघू लागले. साहेब दिवसभर टीमसमोर हवेत, असा हुकूम सुटला. बिचारे बसले. पण त्यांची ती डावी भुवई! काही नावडलं की आपोआप वर जायची. त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली, तर कान लाल व्हायचे. आम्ही पक्के बेरकी, चार महिन्यांत भुवई आणि कान बघून चित्रं काढायला शिकलो. नूतनसुद्धा मिरच्या काढू लागली. एकही काम परत येईना, त्यामुळे चिरंजीव खूश होते.

एका दुपारी साहेबांनी आमची सगळी चित्रं टेबलावर मांडली आणि बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाले, "हल्ली तुम्ही सगळं मला आवडेल तसंच करता रे."

आम्हा मेल्यांना ती शाबासकी वाटली. एका सुरात आम्ही थँक्यू म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्या थँक्यूची मला अजून लाज वाटते.