तीन बोटांचा स्लॅब

आमचे अण्णा गवंडी. माणसांपेक्षा त्यांचं भिंतींशी जास्त जमतं, असं आई म्हणते. कुणाच्याही घरी गेले की चहा येण्याआधी त्यांनी बोटांनी खालची फरशी वाजवून पाहिलेली असते. भरीव जागा ‘ठण’ म्हणते, पोकळ जागा ‘ढब’. हे दोन आवाज मी बोलायला लागायच्या आधीपासून ऐकत आले. दोन्ही मला हुबेहूब काढता येतात. माणसांचेही येतात. शेजारचे पाचमिनिटेकाका, उदाहरणार्थ, नखशिखांत ढब.

पाचमिनिटे हे काही त्यांचं आडनाव नाही. मागच्या वर्षी त्यांनी सात जण बसतील अशी लांबरुंद गाडी घेतली. गाडी दारात आल्यावर कळलं की त्यांचं फाटक वीतभर अरुंद आहे. फाटक पाडायचं तर खर्च, गाडी परत करायची तर नाचक्की. आमच्या घराला मात्र फाटकच नाही. रस्त्यापासून ओट्यापर्यंत सरळ सिमेंटची वाट. काकांनी गाडी त्या वाटेवर चढवली, काच अर्धी खाली केली आणि मधात बुडवून काढल्यासारख्या आवाजात म्हणाले, “पाचच मिनिटं हं, अण्णा.”

त्या पाच मिनिटांचा पहिल्या दिवशी अर्धा तास झाला, आठवड्याने संध्याकाळ झाली, आणि महिन्याभरात आम्हीच आमच्या दारात अंग चोरून जायला लागलो.

आईचं म्हणणं सरळ होतं. तुमची वाट, तुम्ही नाही म्हणा. पण अण्णांच्या तोंडून ‘नाही’ निघणं म्हणजे कोरड्या नळाला पाणी येणं. ते गेले आणि सांगून आले की ओट्याचं रंगकाम निघालंय. रंग काही लागला नाही. मग पाहुणे येणार होते. तेही आले नाहीत. मग वाळूचा ट्रक येणार होता. त्यानंतर काका रोज गाडी लावताना विचारायचे, “वाळू आली का हो, अण्णा?” समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली मंडळी खुदकन हसायची.

“भीड भिकेची बहीण,” आई म्हणायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

मला तर मेजवानीच होती. रात्रीच्या जेवणाला मी दोघांचं संभाषण करून दाखवायचे. काकांचा मध, अण्णांचं घसा खाकरणं, मग ‘त्याचं काय आहे’, मग वाळू. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. एकदा अण्णांनी मला मध्येच थांबवलं. त्यांनी विचारलं, आज गाडीची मागची चाकं नेमकी कुठे होती? भिंतीकडे, की मधोमध?

मी म्हटलं, मधोमध. ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी काका कामावर गेल्यावर अण्णा वाटेवर उकिडवे बसले आणि थापीच्या मुठीने जमीन वाजवू लागले. मला आत जायला सांगितलं, पण कान काही आत गेले नाहीत. भिंतीकडे ठण. ओट्याकडे ठण. मधोमध ढब. आणि त्या ढबच्या मागून, फाटक्या पिशवीतून वाळू गळावी तसं बारीकसं सर्र.

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. खाली पाण्याची जुनी टाकी आहे, दोन पुरुष खोल, आणि आता कोरडी. मी चालायला लागले तेव्हा ती उघडीच होती. मी एकदा तिच्या काठाशी सापडले म्हणून त्यांनी दोन दिवसांत वरून स्लॅब टाकला. जाडी तीन बोटं. गज कुठल्या कुठल्या कामावरून उरलेले. मोठ्या माणसाची ये-जा आणि माझी दोरीवरची उडी, एवढाच हिशोब धरला होता. पक्का करू सवडीने, म्हणाले होते. चौदा वर्षं झाली.

“मग काकांना हे सांगा की.”

“काय सांगू?” ते हळू बोलले. “गवंड्याच्या दारातला स्लॅब कच्चा आहे म्हणून?”

माझा स्लॅब माझ्यानंतरही उभा राहील, हे अण्णांचं प्रत्येक गिऱ्हाइकाला दिलेलं वाक्य. अर्ध्या गल्लीच्या गच्च्या त्या वाक्यावर उभ्या आहेत. पाचमिनिटेकाकांचीसुद्धा.

मग अण्णांनी वाटेवर रिकामी पिंपं ठेवली. काकांनी ती नीट बाजूला लावून गाडी उभी केली. अण्णांनी कुंड्या ठेवल्या. काकांनी कुंड्या उचलल्या, वर झाडांना पाणी घातलं. स्लॅबवर केसासारखी चीर दिसायला लागली. अण्णा सकाळी ती सिमेंटने बुजवायचे, दुसऱ्या सकाळी गाडी निघाली की ती परत तिथेच असायची, थोडी लांब झालेली. मी जेवताना नकला करणं सोडलं. गाडी वाटेवर चढताना आम्ही तिघंही बोलता बोलता थांबायचो. पुढची चाकं. मागची चाकं. इंजिन बंद. मग आई पुढचं वाक्य बोलायची.

त्या शनिवारी काका त्यांच्या आईला डॉक्टरकडे नेणार होते. आजींना दोन पायऱ्यासुद्धा चढवत नाहीत. आमची वाट सपाट, म्हणून त्यांना आमच्याच दारात गाडीत बसवलं आणि काका फाइल विसरली म्हणून परत घरात गेले. आजींनी काचेतून मला हाक मारली. “ए नकलाकार, त्या डॉक्टरचा आवाज काढ बघू.”

मी गेले. आजींना नाही कोण म्हणणार? खिडकीला टेकून मी डॉक्टर झाले. आजी हसायला लागल्या, हसता हसता पुढे-मागे डोलायला लागल्या, आणि त्यांच्याबरोबर गाडी किंचित डोलायला लागली. माझ्या तळव्यांना ते कानांच्या आधी कळलं. सर्र.

माझा दंड कुणीतरी घट्ट धरला. अण्णा कामावरून लवकर आले होते. त्यांनी मला ओट्यावर ढकललं आणि दार उघडून म्हणाले, “आजी, उतरा. माझ्या खांद्याला धरा.”

तेवढ्यात काका फाइल घेऊन आले. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. आणि भर दुपारी, दुकानाच्या पायरीवरच्या सगळ्यांच्या देखत अण्णांनी ते वाक्य उच्चारलं.

“खाली टाकी आहे. स्लॅब मीच टाकलाय, आणि तो कच्चा आहे.”

मग काका हसले, अगदी प्रेमाने. “आधी रंग, मग पाहुणे, मग वाळू. आता टाकी. अण्णा, गाडी लावू नका म्हणा की सरळ. स्वतःच्या कामाला कशाला नावं ठेवता?” पायरीवर हशा पिकला. आजींना दार लावून घ्यायला सांगत काकांनी गाडी मागे घेतली. मागची चाकं. पुढची चाकं. काचेतून हात हलवत म्हणाले, येतोच तासाभरात, जागा धरून ठेवा.

अण्णा आत जाऊन घण घेऊन आले.

ओट्याच्या कडेवर उभं राहून त्यांनी मधोमध पहिला घाव घातला. अर्धा दिवस लागेल, असं घण उचलताना त्यांनी आईला सांगितलं होतं. दुसऱ्या घावाला चीर भिंतीपर्यंत धावली. तिसरा घाव पडला तो न पडल्यासारखाच, कारण घणाखाली काही राहिलंच नाही. वाट खाली गेली. आवाज उशिरा आला. धुळीचा लोट ओट्याएवढा वर चढला आणि दुकानाच्या पायरीवरचे सगळे एकदम उभे राहिले. काठावर गज बाहेर आले होते. अण्णांनी एक चिमटीत धरला. तो भाजलेल्या पापडासारखा तुटला.

काकांचा हॉर्न कोपऱ्यावरून ऐकू आला, नेहमीसारखा दोनदा. तिसऱ्यांदा वाजला नाही. गाडी रस्त्यातच थांबली. ते उतरून काठापर्यंत आले आणि खाली वाकून पाहिलं. तळाशी स्लॅबचे तुकडे पडले होते, आणि त्यातल्या दोन मोठ्या तुकड्यांवर त्यांच्या टायरचे काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. गाडीत आजी कुणाला तरी विचारत होत्या, काय झालं, का थांबलो?

मला वाटलं, आता ते अण्णांचे हात धरतील. त्यांनी मान वर केली. अण्णांकडे नाही. अण्णांच्या डोक्यावरून, स्वतःच्या घराच्या गच्चीकडे.

“आमची गच्ची पण तुम्हीच केलीत ना, अण्णा?”

हा आवाज मला आजही काढता येत नाही.

“ती भरीव आहे,” अण्णा म्हणाले. “पूर्ण सहा इंच. एकेक गज मोजून टाकलाय.” अक्षरन् अक्षर खरं होतं. पण अण्णांनी आधी घसा खाकरला होता, आणि ते वाक्य ‘वाळू येणार आहे’च्याच सुरात बाहेर पडलं. मला ते ऐकू आलं. काकांना आलं. मला वाटतं, अण्णांनाही आलं.

त्याच संध्याकाळी अण्णांनी थापी घेऊन त्यांची गच्ची कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाजवून दाखवली. सगळीकडे ठण. काका म्हणाले, परत एकदा. परत सगळीकडे ठण. तरी आजींची खाट त्यांनी गच्चीखालच्या खोलीतून काढून पुढच्या पत्र्याच्या पडवीत नेली.

वाळूचा ट्रक अखेर आला. टाकी बुजली. गाडी आता कोपऱ्यावर उभी असते, आमच्या वाटेवर कुणी पाऊलही ठेवत नाही. अण्णांच्या दोन ठरलेल्या कामांची माणसं ‘कळवतो’ म्हणाली आणि त्यांनी कळवलं नाही.

आणि रोज सकाळी सातला काका हातोडी उलटी धरून गच्चीवर येतात. कुठला आवाज चांगला ते त्यांना कळत नाही, तरी वाजवतात. खाली अण्णांचा कप ओठांपाशी थांबतो. ठण. एक घोट. ठण. एक घोट. गच्चीच्या टोकाशी गेले की काका जरा थांबतात, आणि तेवढा वेळ आमच्या घरात कुणीच चहा पीत नाही.