मदतनिसाचा खर्च

पाय प्रमोदचा गेला, म्हणून पैसेही प्रमोदचेच, असं मी मध्यस्थीच्या खोलीत ठासून सांगत होतो. जळगावच्या कोर्टात अशी खोली असते. खटला चालवण्याआधी नवरा-बायको, दोघांचे वकील आणि एक मध्यस्थ टेबलाभोवती बसतात आणि तडजोड जमते का ते बघतात.

प्रमोद माझा अशील. असोद्याचा, केळीवाला. नशिराबादजवळ हायवेवर ट्रकने त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भरपाईचा दावा मीच लढवला होता. रक्कम चांगली मिळाली आणि बरीचशी मोटार अपघात ट्रिब्युनलच्या हुकमाने एफडीत गेली. घरात मात्र रोज खटके. कुबड्यांवर आलेल्या माणसाचा सगळा राग बायकोवर निघायचा. शेवटी सुनंदा पारोळ्याला माहेरी निघून गेली. मूलबाळ नव्हतं. घटस्फोट दोघांनाही हवा होता, अडलं होतं एफडीवर.

सुनंदाच्या वकील मॅडम तिशीतल्या. त्यांनी निम्मी रक्कम मागितली होती. घटस्फोट झाला की सगळं निम्मं-निम्मं, असा कायदा आपल्याकडे नाही. कोर्ट पोटगी ठरवतं, आणि ठरवताना दोघांची कमाई, गरज, मालमत्ता बघतं. त्यात भरपाईचे पैसेही बघितले जाऊ शकतात. पण वेदनेचे आणि गेलेल्या अवयवाचे पैसे ज्याचे त्याचे, असा माझा मुद्दा होता. मुद्दा बरा होता. मी खुशीत होतो.

मॅडमनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"सर, हा ट्रिब्युनलपुढचा तुमचाच अर्ज. पान सात."

भरपाई मागताना आम्ही वेगवेगळे 'हेड' मांडतो. औषधपाणी, बुडालेली कमाई, वेदना. त्यातलाच एक 'अटेंडंट चार्जेस', म्हणजे जखमी माणसाचं सगळं करणाऱ्या मदतनिसाचा खर्च. प्रमोदने मदतनीस ठेवलाच नव्हता. म्हणून मी लिहिलं होतं की पत्नी वर्षभर अहोरात्र शुश्रूषा करते आहे, तिचं शिवणकाम त्यापायी बंद पडलं आहे, तरी तिच्या सेवेचं मोल धरावं. ट्रिब्युनलने ते धरलंही होतं. वाक्यं इतकी चांगली लिहिली होती की मलाच खोडता येईनात.

मी म्हणालो की सेवा तिची असली तरी दावा प्रमोदचा आणि रक्कमही त्याच्याच नावावर. कायद्याला धरून होतं, पण आवाज पहिल्यासारखा चढेना.

मध्यस्थ निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी थेट सुनंदालाच विचारलं, तुला नेमकं काय हवं?

"त्यास्ना पायना पैसा माले नको," ती म्हणाली. "पन वरीसभर मी जे करं, ते कोनीतरी धरा."

प्रमोदने मला बाहेर व्हरांड्यात नेलं. मला वाटलं, अडून राहा म्हणेल.

"साहेब, जखम पाहून माझ्या सख्ख्या भावाला भोवळ आली होती. हिनं एक दिवस पट्टी चुकवली नाही. तुम्ही अर्जात खोटं काही लिहिलं नव्हतं."

खटला लढवला तर कदाचित कमी द्यावं लागेल, हे मी त्याला सांगितलं. सांगणं माझं कामच. तो म्हणाला, माहीत आहे, तरी द्या.

अर्ध्या तासात मिटलं. मदतनिसाच्या हेडची रक्कम व्याजासकट सुनंदाला, आणि बुडालेल्या कमाईच्या हेडमधला काही भाग कायमची पोटगी म्हणून. बाकी सगळं प्रमोदकडे. एफडी मुदतीआधी मोडायला ट्रिब्युनलची परवानगी लागते. तो अर्ज मी लिहिला, आणि या वेळी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. घटस्फोट झाला. सुनंदाने पारोळ्यात पुन्हा शिवणकाम सुरू केल्याचं मॅडमकडून कळलं.

समोरच्या वकिलाचे कागद नीट वाचावेत, हे लॉ कॉलेजात शिकवतात. आपलेही वाचावेत, हे शिकायला मला तीस वर्षांची प्रॅक्टिस लागली.