रांगोळीतली वाट

फोनवर बोलताना सुप्रीता भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

भाजी घेताना रस्त्याकडे कधी पाठ करायची नाही.

हॉर्न वाजला की डोळे मिटायची, मग स्वतःवरच चिडायची.

हॉटेलात डोसा येईपर्यंत टेबलावर मीठ सांडून चौक आखायची.

रस्ता ओलांडताना माझं बोट नाही, मनगट धरायची. घट्ट. पलीकडे पोचल्यावरही लगेच सोडायची नाही.

तिची आई मठात गेली की ती परत येईपर्यंत कॉफी घ्यायची नाही. समोर कॉफी निवत राहायची.

गेल्या गुरुवारी सुप्रीता गेली. आमच्याच सर्कलवर, घराजवळच्या चौकात, अपघातात.

रस्ते आखणं ही तिची नोकरी होती. एका लहानशा कंपनीत ती चौकांचे नकाशे करायची. आणि तिला रस्त्याची भीती वाटायची. मी, तिची शेजारीण, हसायचे. ती म्हणायची, "हस तू. मला अपघातांचे आकडे रोज वाचावे लागतात."

त्यांचं घराणं मल्लेश्वरममधलं जुनं. घरात मराठी, तिच्यात निम्मी कन्नड. वडील गेल्यापासून घरात दोघीच, ती आणि तिची अम्मा, सत्यवतीअक्का. अक्का रोज सकाळी सर्कल ओलांडून पलीकडच्या मठात जायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू झाल्याचं कळलं. उजवीकडचं दिसणं हळूहळू गेलं. घरात ते जाणवायचं नाही. पण आमच्या फुटपाथवरून उतरलं की पहिली गाडी येते ती उजवीकडूनच.

"मी येते ना बरोबर," सुप्रीता म्हणायची.

"का? मी काय बालवाडीत जातेय?" अक्का पदर खोचत म्हणायच्या. "तू ऑफिसला जा. सरी?"

सुप्रीता 'सरी', बरं, म्हणायची. मग गच्चीवर जाऊन कठडा धरून बघत राहायची. एकदा मीही तिच्याशेजारी उभी होते. खाली अक्कांची जांभळी साडी गाड्यांमध्ये शिरली. दिसेनाशी झाली. सुप्रीताचा श्वास थांबला होता. माझाही. साडी पलीकडे दिसली तेव्हा ती खालीच बसली.

"वळण फार रुंद आहे," ती म्हणाली. "गाडीला वेग कमी करावाच लागत नाही. कोपरा आवळायला हवा. आणि मधे उभं राहायला जागा हवी. एका दमात एवढा रस्ता अम्माला जमणार नाही."

ते काम तिनं कंपनीकडे मागून घेतलं. कित्येक बैठका झाल्या. शेवटी काही दिवसांच्या ट्रायलला परवानगी मिळाली. रस्त्यावर लवकरच नवं डांबर पडणार होतं, म्हणून रंग लावायचा नव्हता. नारंगी कोन आणि चुन्याची फक्की, एवढंच. कोपरे फक्कीनं आवळायचे, रस्त्याच्या मधोमध एक बेट आखायचं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बेट पुसलं गेलं. स्कूटर, रिक्षा, सगळे त्यावरून गेले.

"चुन्याला कोण भिणार ग?" रघुजीअण्णा म्हणाले. कोपऱ्यावर त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. "लोकांना वाटलं, कबड्डी आहे."

सुप्रीता हसली नाही. ती त्यांच्या दुकानापुढे बघत होती. स्कूटरवाले गर्दी चुकवायला तिथं फुटपाथवर चढतात. पण दुकानाच्या पायरीपुढे अण्णांच्या सुनेनं रांगोळी काढली होती. एक स्कूटर चढली, रांगोळीपाशी आली आणि वळसा घालून गेली. दुसरीही.

"अगं, बघ," तिनं माझं मनगट धरलं. "तुडवत नाहीत."

गुरुवारी उजाडताच गल्लीतल्या बायका डबे घेऊन आल्या. सुप्रीतानं चुन्याच्या रेघेवरून काठ आखून दिला. आत कमळं, वेली, गोपद्मं भरली. पांढरं आणि गेरूचं लाल. बेट काठोकाठ भरलं.

आणि गाड्या वळसा घेऊ लागल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. पाण्याचा टँकरसुद्धा रेंगाळला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकावून पाहिलं. सुप्रीता मोठ्यानं हसली. आमच्याकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ रस्त्याकडे होती. तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला उगाच भीती वाटली.

मग माणसं आली. ऑफिसला जाणारी, मुलांना शाळेत सोडायला निघालेली, फुलांच्या पिशव्या घेतलेली. अर्ध्या रस्त्यापर्यंत आली आणि बेटापाशी थबकली.

"काय ग, चप्पल काढून उभं राहायचं का?" एक बाई ओरडल्या. बाकीचे हसले. पण आत कुणी पाय ठेवला नाही. कडेकडेनं, गाड्यांच्या बाजूनं, बेटाला वळसा घालून जाऊ लागले. एक माणूस तर गाड्यांकडे पाठ करून चालला होता.

सुप्रीताचा चेहरा पांढरा पडला. "मी गाड्यांचाच विचार केला," ती म्हणाली. "माणसंही आपलीच आहेत ना, तीही तुडवणार नाहीत."

तिनं अण्णांच्या दुकानातून झाडू घेतला. रांगोळीतून माणूस जाईल एवढी वाट झाडायची, म्हणजे बाजूला गाड्यांसाठी रांगोळी राहील आणि मधून लोक चालतील. मठाच्या बाजूनं तिनं सुरुवात केली. वाकून, भराभरा. मी तिच्या मागे, मठाच्या बाजूला उभी राहून लोकांना थांबवत होते.

ती अर्ध्यावर आली तेव्हा आमच्या गल्लीच्या बाजूनं जांभळी साडी दिसली.

अक्का बेटापर्यंत आल्या आणि काठाशी थांबल्या. रस्त्यातच. पायांशी कमळ होतं.

"अम्मा, आत ये," सुप्रीता म्हणाली.

"इतकी सुरेख काढलीत. तुडवू कशी?"

"तुडव अम्मा. मी सांगते ना."

"छे ग. स्वल्प बाजूनं जाते."

"नको! तिथंच थांब. हलू नकोस. वाट करते मी."

झाडू आणखी जोरात चालू लागला. अक्का हसत उभ्या होत्या. त्यांच्या उजवीकडून टेम्पो येत होता. मला दिसला. सुप्रीतालाही दिसला. अक्कांना दिसणं शक्यच नव्हतं. मी ओरडले, पण माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

सुप्रीतानं झाडू टाकला. ती रांगोळीवरून धावली. अक्कांचं मनगट धरून तिनं त्यांना जोरात आत ओढलं. त्या झटक्यात ती स्वतः बाहेर गेली.

टेम्पोचा ब्रेक मग लागला.

हॉस्पिटलमध्ये दुपारी डॉक्टर बाहेर आले. ते कन्नडमध्ये बोलले. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मराठीत सांगितलं तर वेगळं काही ऐकू येईल.

अक्कांच्या मनगटावर अजून बोटांचे डाग आहेत. आधी लाल होते, आता निळे आहेत. त्या त्यावर तेल लावू देत नाहीत.

ट्रायल बंद झाली. कोन उचलून नेले. रांगोळी त्या दिवशी थोडी विस्कटली, पण कुणी पुसली नाही. गाड्या अजून वळसा घेतात. माणसंही घेतात, पूर्वीसारखीच, गाड्यांच्या बाजूनं. मी गच्चीवरून बघते आणि कठडा धरते.

आज सकाळी अक्का चपला घालून दारात उभ्या होत्या. मी नको म्हणाले. त्यांनी पदर खोचला. मी त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताचं, आणि आम्ही उतरलो. उजवीकडे मी बघत होते. बेटापाशी आलो.

त्या थांबल्या. मीही थांबले. मागून हॉर्न वाजत होते.

मठाच्या बाजूनं झाडलेली वाट कमळांमधून सरळ आमच्याकडे येते. डांबर स्वच्छ दिसतं, झाडूचे फराटेही दिसतात. बेटाच्या मध्यावर ती संपते. तिथून आमच्या पायांपर्यंत रांगोळी आहे.